मूठ उघडताना घाई नको



कराडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली आणि शेवटी जागा उरली नाही म्हणून समासात उभं लिहिलेलं. त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

'यांच्या अंगावरून वारं जाऊन आता पाच आठवडे झाले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा हात नुसता लोंबत होता. गेल्या आठ-दहा दिवसांत हात कोपरात वळायला लागलाय आणि मूठ मिटलेली असते. घरातले सगळे म्हणतात, हात जिवंत झाला! परवा जांभई देताना तर हात आपोआप छातीपर्यंत वर आला, तेव्हा माझ्या जाऊबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पण मला बाई वेगळंच वाटतं. मूठ उघडायला गेलं की दगडासारखी लागते आणि यांच्या डोळ्यांत पाणी येतं. दीर म्हणतात, जोर लावून चोळायला हवं. आमचं शिवणकामाचं दुकान आहे, सगळं यांच्या हातावर. हात बरा होतोय की बिघडतोय, एवढं मला सांगा.'

पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण हाच प्रश्न 2009 साली मी आमच्या घरी, सासूबाईंच्या खाटेशी बसून स्वतःला विचारला होता आणि त्याचं उत्तर चुकीचं काढलं होतं. ते पुढे सांगतेच.

ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की दोन्ही. हात जागा होतोय हे खरं. पण जागा होताना तो आडदांडपणानं जागा होतोय, आणि आत्ताच त्याला नीट वळण लावलं नाही तर तो वाकड्या वळणाला जाईल. तुमच्या घरातले चूक नाहीत आणि तुम्हीही चूक नाही. चूक आहे ती फक्त जोर लावून चोळण्याची.

मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली किंवा फुटली की मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो आणि विरुद्ध बाजूचं अंग जातं. सुरुवातीला हातपाय बहुधा लुळे असतात, उचलून सोडले तर धप्पकन पडतात. पुढे काही दिवसांत, काही आठवड्यांत, कित्येकांच्या स्नायूंत हळूहळू ताठरपणा भरू लागतो. डॉक्टर त्याला 'स्पॅस्टिसिटी' म्हणतात. सगळ्यांनाच हे होतं असं नाही. पहिल्या झटक्यानंतर ज्यांचं अंग कमजोर राहतं, त्यांच्यात दहांतल्या साधारण चौघांना हे कमीअधिक प्रमाणात होतं. ते कोणाच्या पापामुळे होत नाही, पंख्याच्या वाऱ्यानं होत नाही, आणि सुनेनं थंड पाण्यानं अंग पुसलं म्हणूनही होत नाही. (हे शेवटचं मी ऐकलेलं आहे, म्हणून लिहिलं.)

का होतं, ते सांगते. आपला प्रत्येक स्नायू ताणला गेला की उलटा आवळायला बघतो. डॉक्टर गुडघ्यावर रबरी हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो हाच गुण. हे काम पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू परस्पर उरकते, मेंदूला विचारत नाही. मात्र धडधाकट माणसात मेंदू वरून सतत 'पुरे, पुरे' असं दटावत असतो, म्हणून आपले हातपाय मऊ राहतात. झटक्यात हे दटावणंच बंद पडतं. मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर पोरं जशी वागतात तसे मग स्नायू वागतात. जरा ताणलं की आवळतात, जोरानं ताणलं की आणखी जोरानं आवळतात.

हे 'जोरानं ताणलं की जोरानं आवळतात' वाक्य कृपा करून अधोरेखित करा. जेम्स लान्स नावाच्या ऑस्ट्रेलियन मेंदूतज्ज्ञानं 1980 साली या विकाराची जी व्याख्या केली आणि जी आजही सांगितली जाते, तिचा गाभाच हा आहे. ताण जितका वेगानं द्यावा तितका विरोध वाढतो. तुम्हाआम्हाला हे व्याख्येवाचून कळायला हवं. करंज्यांसाठी मैदा भिजवला आणि लगेच लाटायला घेतला तर पारी कशी सुर्रकन आखडते? आपण जोर करतो, ती मागे येते. तोच गोळा झाकून ठेवला आणि मग हलक्या हातानं लाटला की मुकाट्यानं पसरतो. हातही तसाच समजा.

आणि ती जांभई! जाऊबाईंनी साखर ठेवली ते वाईट केलं असं मी म्हणणार नाही, पण ती गोष्ट काय आहे ते ऐका. जांभई, शिंक, खोकला, हसू यांच्याबरोबर लुळा हात आपोआप वर येणं हे डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचं आहे. आपण ठरवून हात उचलतो ती मेंदूतली वाट वेगळी, आणि जांभईची वाट वेगळी, जुनी. झटक्यात पहिली बंद पडली तरी दुसरी चालू राहू शकते. म्हणून जांभईबरोबर हात वर आला याचा अर्थ उद्या तो मागितल्यावर वर येईल असा नाही. आणि 'मघाशी वर नेलात ना, मग आता का नाही नेत? मनातच नाही तुमच्या!' असं रुग्णाला म्हणणं तर निव्वळ अन्याय. हे वाक्य मी एका घरात प्रत्यक्ष ऐकलंय. ज्याला बोलता येत नाही त्या माणसानं यावर काय उत्तर द्यावं?

खरी आशेची खूण कोणती, तर आपल्या मर्जीनं बोटं थोडीशी का होईना उघडणं, खांदा थोडासा बाजूला उचलणं. तेवढं रोज बघा आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना ती वही तुमच्या दहा वाक्यांपेक्षा उपयोगी पडेल.

आता माझी चूक सांगते. सासूबाईंना झटका आला तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. डावी बाजू गेली, बोलणं शाबूत होतं. महिनाभरात डाव्या हाताची मूठ मिटली, अंगठा आत. मला वाटलं, मूठ मिटली म्हणजे आता आयुष्यभराची मिटली, उघडायलाच हवी. रोज सकाळी कामं आटपली की मी त्यांच्याशेजारी बसायची आणि बोटांच्या टोकांना धरून एकेक बोट खेचून सरळ करायची. त्या म्हणायच्या, 'अगं, हळू गं, दुखतंय.' मी म्हणायची, 'दुखल्याशिवाय बरं कसं वाटेल, आई?' शिवाय शेकाची रबरी पिशवी हातावर ठेवायची. एके दिवशी पिशवी उचलली तर मनगटाजवळ रुपयाएवढा फोड. त्यांना कळलंच नव्हतं. गेलेल्या बाजूची संवेदना कमी झालेली असते ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती. त्या मात्र मलाच समजावत होत्या, 'जाऊ दे, तू काय मुद्दाम केलंस?'

त्या फोडामुळेच फिजिओथेरपिस्ट ताई आमच्या घरात आल्या. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. मला जरा अविश्वासच वाटला. तिनं आल्या आल्या मूठ उघडायला घेतलीच नाही. आधी सासूबाईंना पाठीला उशी देऊन नीट बसवलं, त्यांचा हात उशीवर ठेवला आणि गप्पा मारल्या. मग मूठ अशी उघडली की मी बघतच राहिले. ती पद्धत इथे सविस्तर देते, कारण ती कळली असती तर माझ्या सासूबाईंचे दोन महिने वाचले असते.

बोटांच्या टोकांना हात लावायचा नाही. एका हातानं रुग्णाचा कोपराजवळचा भाग आधाराला घ्यायचा. दुसऱ्या हातानं मनगट तळव्याच्या दिशेनं आणखी थोडं आत वळवायचं, हो, आतच. उलटं वाटतं ना? पण मनगट आत गेलं की बोटांच्या दोऱ्या सैल पडतात. स्वतःच्या हातावर करून बघा: मूठ मिटा आणि मनगट आत दाबा, मूठ आपोआप ढिली होते. मग अंगठा त्याच्या बुडाशी, तळव्याच्या मांसल उंचवट्यापाशी धरून सावकाश बाहेर काढायचा. टोकाला धरून ओढायचा नाही, सांधा दुखावतो. अंगठा बाहेर आला की बाकीची बोटं बरीचशी ऐकतात. ती उलगडून तुमच्या तळव्यावर पसरवायची आणि मग सगळ्यात शेवटी मनगट हळूहळू सरळ करायचं. कुठे अडलं तर ढकलायचं नाही, तिथेच थांबायचं. मनात वीसपर्यंत मोजा. रुग्णाला श्वास सोडायला सांगा. बहुतेक वेळा हात आपणहून पुढे सरकतो. चेहरा आक्रसला की थांबा. तुमच्या यजमानांना बोलता येत नाही, तेव्हा ताई, तुम्ही हाताकडे कमी आणि चेहऱ्याकडे जास्त बघा.

मूठ उघडली की तळवा कोमट पाण्यानं पुसा आणि बोटांच्या बेचक्यांसकट पूर्ण कोरडा करा. मिटलेल्या मुठीत घाम साचतो, वास येतो, कातडी पांढरी पडून फाटते. नखं आठवड्याला कापा, नाहीतर ती तळव्यात रुततात. मऊ सुती रुमालाची घडी तळव्यात ठेवायला हरकत नाही. मात्र 'दाबायला' म्हणून रबरी चेंडू देऊ नका. भेटायला येणारा प्रत्येकजण तो चेंडू आणतो! जो हात मिटण्याचंच काम वाजवीपेक्षा जास्त करतोय त्याला आणखी मिटण्याची शिकवणी कशाला? हवंय ते उघडणं. तुमच्या फिजिओथेरपिस्टनं तपासून मुद्दाम सांगितलं तरच चेंडू.

आता खांदा. या विषयावर मी जरा रागानं लिहिणार आहे, कारण खांद्याचं नुकसान बहुतेक वेळा घरातल्या मायेच्या माणसांच्याच हातून होतं. झटक्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू कमजोर होतात आणि हाताच्या वजनानं सांधा खाली ओघळतो. अशा वेळी 'उठा हं' म्हणत त्या हाताला धरून माणसाला उठवलं, काखेत हात घालून वर खेचलं, सदऱ्याच्या बाहीत हात कोंबला, की तो दुखावतो. मग दुखतं म्हणून हात अंगाशी आवळला जातो, आवळला म्हणून आखडतो, आखडला म्हणून आणखी दुखतो. ताई, यजमानांना उठवताना गेलेल्या हाताला धरायचं नाही, म्हणजे नाही. कमरेपाशी धरा. कमरेला रुंद पट्टा किंवा घट्ट बांधलेला पंचा असेल तर पकड चांगली येते. सदरा घालताना आधी गेलेला हात, मग चांगला. काढताना आधी चांगला, मग गेलेला. छातीपुढे पूर्ण उघडणारा, सैल बाह्यांचा सदरा घ्या. तुमच्या तर घरातच शिंपी आहे. दुकानातल्या कारागिराकडून दोन शिवून घ्या.

कित्येक घरांत दाराच्या चौकटीला दोरी आणि कप्पी बांधून चांगल्या हातानं गेलेला हात वर खेचण्याचा व्यायाम करवतात. तो बंद करा. अशा कप्पीनं खांदा जास्त दुखावतो, हे आता जाणकार स्पष्ट सांगतात. गळ्यातली झोळीही दिवसभर नको. उभं राहताना, चालताना हात लोंबू नये म्हणून ती ठीक, पण बसल्यावर-झोपल्यावर काढून हात उशीवर मोकळा पसरून ठेवा. नाहीतर कोपर वाकवून ठेवण्याची सवय आपणच लावतो.

ताठरलेल्या अंगाचं एक ठरावीक रूप असतं. हात अंगाशी चिकटलेला, कोपर वाकलेलं, तळवा खाली वळलेला, मूठ मिटलेली. पाय मात्र सरळसोट काठीसारखा, टाच वर आणि पाऊल आत वळलेलं. असा माणूस चालताना पाय बाजूनं अर्धवर्तुळ काढत पुढे टाकतो. आपल्या गल्लीत असं चालणारे एखादे आजोबा तुम्ही पाहिलेच असतील. बिछान्यात ठेवताना या रूपाच्या नेमकं उलट ठेवायचं, एवढं सूत्र लक्षात ठेवा. उताणं असताना गेलेल्या खांद्याच्या पाठीमागे पातळ उशी, हात उशीवर सरळ, तळवा वर. मात्र तासन् तास उताणं ठेवू नका, त्यानं पाय अधिक ताठतो. दर दोन तासांनी कूस बदला. चांगल्या कुशीवर असताना गेलेला हात पुढे उशीवर पसरलेला आणि गेलेला पाय गुडघ्यात किंचित वाकवून दुसऱ्या उशीवर. गेलेल्या कुशीवरही झोपवता येतं, फक्त तो खांदा अंगाखाली चेंगरू नये, पुढे काढलेला असावा. त्या कुशीवर खांदा दुखत असेल तर आधी फिजिओला विचारा. झोळ पडलेली बाज नको, सरळ फळीचा पलंग बरा.

पायावर जड गोधडी ताणून खोचू नका; तिच्या वजनानं चवडा खाली दबतो. आणि चवड्याला टेकायला फळीही लावू नका, पाय तिलाच रेटत बसतो. उपाय सोपा आहे. दिवसातून जितका वेळ जमेल तितका खुर्चीत बसवा, दोन्ही पावलं पूर्ण जमिनीला टेकलेली. पाय पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. टाच टेकलेली असणं हाच पोटरीचा ताण. चांगल्या हातानं गेलेला हात पुढे टेबलावर आणून ठेवायला शिकवा, म्हणजे तो मांडीत हरवणार नाही.

'मग लगेच उभं करायचं का?' असं विचाराल. पहिल्या चोवीस तासांत घाईघाईनं, भरपूर हलवाहलव करण्यानं फायद्याऐवजी तोटाच झाला, असं पाच देशांतल्या दोन हजारांवर रुग्णांच्या पाहणीत 2015 साली दिसलं. म्हणजे पहिल्या दिवशी डॉक्टरांचं ऐका. पण तुमच्याकडे पाच आठवडे झालेत. आता पडून राहण्याचे दिवस संपले.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला स्वीकारायला जड गेली. नुसतं दुसऱ्यानं ताणून ताणून सांधा मोकळा राहतो, ही समजूत फारशी खरी नाही. 2017 साली या विषयावरच्या अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात नुसत्या ताणण्यानं सांध्याच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही. मग मी जे इतका वेळ सांगितलं ते फुकट का? नाही. हात स्वच्छ राहावा, दुखू नये, अंगरखा चढवता यावा यासाठी ते लागतंच. पण हात सुधारतो तो त्यानं स्वतः काही केल्यानं. आमच्या फिजिओ ताई हे एका वाक्यात सांगायच्या : 'तुम्ही त्यांचा हात हलवता तो तुमचा व्यायाम, त्यांनी हलवला तर त्यांचा.'

आमच्याकडे खरा फरक मेथीच्या जुडीनं पडला. सासूबाई स्वयंपाकघरातून बाद झाल्या होत्या. मीच केलं होतं बाद, प्रेमानं. एक दिवस फिजिओ ताईंनी त्यांच्यापुढे टेबलावर मेथी ठेवली. डावा हात जुडीवर नुसता ठेवायचा, वजनासारखा. उजव्यानं पानं खुडायची. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला आणि निम्मी मेथी जमिनीवर. मी मध्ये हात घालायला गेले तर सासूबाईच ओरडल्या, 'राहू दे! माझं मी बघते.' पुढे मटार आले, भिजवलेल्या शेंगदाण्यांची सालं आली. पोळपाटावर लाटणं दोन्ही हातांखाली फिरवायला दोन-अडीच महिने गेले. मूठ पूर्ण मोकळी कधीच झाली नाही, हेही खरं सांगते. पण डाव्या हातानं वाटी दाबून धरता यायची आणि पदर सावरता यायचा. भेटायला माणसं आली की त्या तो हात पदराखाली लपवायच्या. तो मग टेबलावर दिसू लागला. लोकांसमोर ओशाळं वाटलं, घाई केली, राग आला की ताठरपणा वाढतो, हेही तेव्हाच कळलं.

एखाद्या दिवशी हात-पाय एकदम जास्त आखडले तर आधी कारण शोधा. पोट साफ झालंय का? लघवी तुंबली आहे का, करताना जळजळते का? ताप? पाठीला-टाचेला जखम? पायाचं नख मांसात शिरलंय? बूट-मोजा आवळतोय? थंडी वाजतेय? शरीरात कुठेही दुखलं-खुपलं की त्याचा राग ताठरलेला स्नायू काढतो. आमच्याकडे एकदा तीन दिवस पाय कडक झाला आणि कारण निघालं बद्धकोष्ठ.

तेल लावायचं का? लावा, हलक्या हातानं, मायेनं. पण जोरकस रगडणं नको, आणि पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर अजिबात हात लावू नका. शिरेत गुठळी झालेली असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर. शेक द्यायचाच तर आधी स्वतःच्या मनगटावर आणि मग रुग्णाच्या चांगल्या बाजूला लावून बघा; उकळत्या पाण्याची पिशवी नको, आणि नजर हलवू नका. कबुतराचं रक्त लावणं वगैरे प्रकारांवर शाई खर्च करत नाही.

औषधांचं थोडक्यात. बॅक्लोफेन, टिझानिडिन अशा गोळ्या डॉक्टर देतात. त्यांनी गुंगी येऊ शकते, अशक्तपणा वाटतो. टिझानिडिननं रक्तदाबही उतरतो, तेव्हा उठवताना जपून. बॅक्लोफेन मनानं एकदम बंद करू नका, त्यानं झटके येण्यापर्यंत मजल जाते. ठरावीक स्नायूच फार ताठरला असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन असतं. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण तीन महिने टिकतो, आणि ते महाग आहे. त्या तीन महिन्यांत व्यायाम केला तरच पैसे वसूल. आणि सगळाच ताठरपणा घालवायचा नसतो बरं का! पुष्कळदा तो ताठ पायच खांबासारखा माणसाला उभं राहायला आधार देत असतो. किती ठेवायचा, किती काढायचा, हे बघणाऱ्याचं काम.

खर्चाचं तुम्ही लिहिलं आहे. दर वेळी घरी कोणी यायलाच हवं असं नाही. सिव्हिल हॉस्पिटलात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो, तिथे अगदी कमी पैशांत दाखवता येतं. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था 1955 सालापासून आहे. आठवड्यातून एकदा जाऊन शिकून यायचं आणि सहा दिवस घरी करायचं, असंही चालतं. जाताना दिरांनाही बरोबर न्या. रगडायचं का नाही, ते त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे. तुम्ही सांगून घरात वाद होतील.

दुकानाचं काय, यजमानांचा हात पुन्हा कात्री धरेल का, याला मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, नंतर मंदावतो, पण थांबतोच असं नाही. पाच आठवडे म्हणजे तुम्ही अजून त्या चांगल्या काळात आहात. तेव्हा एक करून बघा. शिवणाच्या टेबलाशी त्यांना खुर्चीत बसवा, पावलं जमिनीला टेकलेली. पुढ्यात जाडसर सुती कापड पसरा. उजवा हात वर सांगितल्याप्रमाणे उलगडून कापडावर ठेवा, नुसता दाब म्हणून. डाव्या हातात खडू द्या आणि आखू द्या, वाकडं येईल तसं येऊ द्या. कापड सरकायला लागलं की उजव्या हातानं जरासं दाबायचं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. तुम्ही शेजारी बसा, पण कापड सरळ करायला हात पुढे करू नका.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा त्यांनी आखलेल्या कापडाचा एक तुकडा पाकिटात घाला.